स्पेलिंग तपासायचं की जीवशास्त्र?

ताई, नमस्कार.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आहे. प्रॅक्टिकलला तिच्याइतकं नेटकं काम कोणी करत नाही. तोंडी परीक्षेत तिने क्रेब्ज सायकल (पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळवून देणारी रासायनिक क्रियांची साखळी) इतकी सुरेख समजावून सांगितली की बाहेरून आलेले परीक्षकही कौतुकाने ऐकत राहिले. लेखी पेपरात मात्र त्याच प्रश्नाला सहा ओळी, त्याही तुटक. 'मायटोकॉन्ड्रिया' हा शब्द एकाच पानावर तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलेला. मी तिला बोलावून विचारलं, तेव्हा बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, मला डिस्लेक्सिया आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी तपासणी झाली होती. इथे कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका." (डिस्लेक्सिया म्हणजे वाचताना आणि स्पेलिंग लिहिताना येणारी अडचण.) तिची शाळा मातृभाषेतून झाली, इथे सगळं इंग्रजीत.

मला तिला मदत करायची आहे. नाव न घेता मी विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना विचारलं. ते म्हणाले, "डिस्लेक्सिया असता तर ती कॉलेजपर्यंत पोचलीच नसती. जादा वेळ द्यायचा तर सगळ्यांना द्या, नाहीतर बाकीच्यांवर अन्याय आहे. आणि उद्या नोकरीत कोण देणार आहे जादा वेळ?" मला उत्तर देता आलं नाही. मी काय करू? आणखी एक विचारायचं आहे. तिला पुढे प्राध्यापक व्हायचं आहे. तिला वेळीच दुसरं काही सुचवणं बरं का?

— एक प्राध्यापिका

नमस्कार मॅडम,

आधी तिच्या शेवटच्या वाक्याबद्दल. "तुम्हीही सांगू नका" असं ती म्हणाली आहे, तर ते काटेकोरपणे पाळा. सरांशी बोलताना तुम्ही नाव घेतलं नाहीत हे चांगलं केलंत. पण लहान विभागात 'दुसऱ्या वर्षातली एक मुलगी' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून यापुढे तेवढाही उल्लेख नको. अशी मुलं शाळेपासून 'आळशी', 'धांदरट', 'लक्ष कुठे असतं तुझं' हे ऐकत आलेली असतात. कॉलेजात नव्याने सुरुवात करता येईल या आशेने ती गप्प राहतात. परीक्षेत अधिकृत सवलत हवी असेल तर कधीतरी कॉलेजला कळवावं लागेल, हे तिला नीट समजावून सांगा. पण कधी आणि कोणाला कळवायचं हे तिने ठरवायचं. तोवर तुमच्या हातात पुष्कळ काही आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

आता सरांचं पहिलं वाक्य. ते वाईट हेतूने बोलले असतील असं मला वाटत नाही. हा समज फार पसरलेला आहे, पण तो चूक आहे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं होतं. मुलगा हुशार, खेळात चपळ. पण वाचणं-लिहिणं काही केल्या जमेना. स्वतःचं नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची उलटापालट झाली होती. त्याला काही वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकांचं मत मॉर्गनने नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तुमच्या विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा आणि तिचा लेखी पेपर शेजारी ठेवून हे वाक्य वाचा.

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. नजरेचाही नाही, अक्षरं उलटी दिसतात म्हणून हे होतं, ही जुनी समजूत आहे. सराईत वाचकाला ओळखीचा शब्द दिसताक्षणी कळतो, तो वाचायचा नाही असं ठरवलं तरी वाचला जातोच. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाच्या बाबतीत लिहिलेली अक्षरं आणि त्यांचे उच्चार यांची सांगड अशी आपोआप बसत नाही. ती दर वेळी जोर लावून बसवावी लागते.

तुमच्याच विषयातलं एक वाक्य घ्या: सक्सिनेटचं फ्युमरेटमध्ये रूपांतर होताना एफएडीचं क्षपण होतं. तुम्ही हे एका नजरेत वाचलंत. ती इंग्रजी पुस्तकात हेच वाचते तेव्हा पहिल्या शब्दाचे तुकडे पाडते, ते जोडून पाहते, ऐकलेल्या शब्दाशी जुळतात का ते तपासते. मग फ्युमरेट. तोवर वाक्याचा पहिला भाग डोक्यातून निसटायला लागलेला असतो, म्हणून ती पुन्हा मागे जाते. अर्थ तिला अवघड नाही, अर्थ तर तिने परीक्षकांना समजावून सांगितला आहे. लिहिताना हीच ओढाताण उलट्या दिशेने होते. 'डीहायड्रोजनेज' हा शब्द मनात तयार असतो, स्पेलिंगपाशी हात अडतो, म्हणून ती तो टाळून सोपा शब्द शोधते, तो वाक्यात बसत नाही, वाक्य खोडलं जातं. घड्याळ तर पुढे जातच असतं. त्या सहा ओळी अशा तयार होतात. त्या लिहायला तिला शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या दोन पानांइतके कष्ट पडलेले असू शकतात.

मग शाळेत इतक्या उशिरा का कळलं? याचं एक कारण भाषेत आहे. इटालियनसारख्या, लिहिल्याप्रमाणे वाचल्या जाणाऱ्या भाषांमध्ये डिस्लेक्सिया असलेली माणसं वाचताना चुका कमी करतात, मात्र त्यांचा वेग मंद राहतो. देवनागरीतही अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे मूल जोडाक्षरांना ठेचकाळत, ऱ्हस्व-दीर्घ चुकवत का होईना, पुढे सरकतं. हुशार मूल पाठांतरावर, संदर्भावरून अंदाज बांधण्यावर आणि वर्गात कान देऊन ऐकण्यावर बरंच निभावून नेतं. कॉलेजात हे सगळे आधार एकदम अपुरे पडतात. इंग्रजीत एकच अक्षर चार ठिकाणी चार उच्चार घेतं. वाचायचं साहित्य कितीतरी पटींनी वाढतं. आणि नव्या पारिभाषिक शब्दांचा संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही, कारण तो शब्द याआधी कधी भेटलेलाच नसतो. म्हणजे ती इथवर पोचली ती डिस्लेक्सिया नसल्यामुळे नव्हे. ती दुप्पट राबून पोचली आहे, आणि आता दुपटीनेही भागेनासं झालं आहे.

आता माझं मुख्य म्हणणं. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक जर्नल, प्रत्येक चाचणी समोर ठेवून स्वतःला विचारा: इथे मला नेमकं काय तपासायचं आहे? जे तपासायचं आहे त्यात कणभरही सूट देऊ नका. जे तपासायचं नाही, ते तिच्या वाटेत येऊ देऊ नका.

क्रेब्ज सायकलच्या प्रश्नात तुम्हाला काय पाहायचं असतं? टप्प्यांचा क्रम. कार्बन डायऑक्साइड कोणत्या दोन टप्प्यांवर बाहेर पडतो. एका फेरीत एनएडीएचचे तीन आणि एफएडीएच-टूचा एक रेणू कुठे तयार होतो. ऑक्सिजन थेट वापरला जात नसतानाही त्याच्याविना हे चक्र का थांबतं. यातलं काहीच 'मायटोकॉन्ड्रिया'च्या स्पेलिंगवर किंवा सुवाच्य अक्षरात भरलेल्या दोन पानांवर ठरत नाही. तिने एक वर्तुळ काढून त्यावर बाण आणि नावं टाकली, प्रत्येक टप्प्यापाशी काय आत येतं आणि काय बाहेर पडतं ते लिहिलं, आणि शेवटच्या मुद्द्यासाठी तीन वाक्यं लिहिली, तर ते पूर्ण उत्तर आहे. तुमच्या विभागाच्या नियमांत बसत असेल तर 'आकृतीच्या आधारे उत्तर दिलं तरी चालेल' अशी ओळ प्रश्नपत्रिकेत सगळ्यांसाठीच छापा. ज्यांना गद्यात लिहायचं आहे ते तसं लिहितील.

उलट बाजूही सांगते, कारण सहानुभूतीच्या भरात ती विसरली जाते. काही ठिकाणी स्पेलिंग हाच आशय असतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोन्हींना आपण बोलताना इलियमच म्हणतो. इंग्रजीत त्यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. शरीररचनेच्या पेपरात ते अक्षर चुकलं तर अवयव चुकला. वर्गीकरणशास्त्रात प्रजातीचं नाव चुकीचं लिहिलं तर ती प्रजातीच उरत नाही. अशा जागी तिला सूट देऊ नका, पण त्या जागा तिला आधी सांगा. "या वर्षात हे इतके शब्द बिनचूक यायलाच हवेत, बाकीच्यांत वाचणाऱ्याला शब्द ओळखू आला तरी पुरे." सगळंच तितकंच महत्त्वाचं असेल तर ती सगळीकडे सारखी घाबरलेली राहते. मोजकी यादी हातात असली की ती यादी ती पक्की करते.

जादा वेळेचा प्रश्नही याच कसोटीवर घासून पाहा. तुमचा पेपर वेग तपासण्यासाठी आहे का? तसं असेल तर जादा वेळ देणं खरोखरच गैर ठरेल. पण जीवशास्त्राच्या पदवीला 'मिनिटाला इतके शब्द' अशी अट मी तरी कुठे पाहिलेली नाही. वेळेची मर्यादा ही परीक्षेची सोय असते, विषयाचा भाग नसते. म्हणून जगभरातल्या अनेक विद्यापीठांत मंद वाचनाची नोंद असलेल्या विद्यार्थ्याला साधारणपणे एक चतुर्थांश वेळ वाढवून देतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात उच्च शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे: गरजेनुसार वाजवी सोयी करून देणं हा भेदभाव न करण्याचाच भाग मानला आहे. ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे.

सरांचं "मग सगळ्यांनाच द्या" मात्र मी सहज उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे. पेपर इतका लांबलचक असेल की बहुतेक मुलं शेवटचा प्रश्न घाईत उरकतात, तर जादा वेळ कोणालाही फायद्याचाच ठरेल, आणि मग तक्रारी येणार. अशा वेळी दोष पेपरात आहे. अंतर्गत चाचणी तुमच्या हातात असते. तीत प्रश्न कमी ठेवा, बऱ्यापैकी तयारी असलेल्या विद्यार्थ्याचा पेपर वेळेआधी पूर्ण होईल इतका वेळ ठेवा. ज्यांना गरज आहे ते बसतील, बाकीचे उठून जातील. कोणाला वेगळं काढावं लागणार नाही, आणि सरांची मागणीही मान्य झालेली असेल.

प्रश्नपत्रिकेवर थोडा वेळ खर्च करा. हे फुकटचं काम आहे आणि त्याने पडणारा फरक मोठा आहे. "खालीलपैकी कोणतं विधान अयोग्य नाही?" हा प्रश्न जीवशास्त्राचा नाही, तो नकारांच्या कसरतीचा आहे. "योग्य विधान निवडा" असं लिहा. एका परिच्छेदात चार उपप्रश्न कोंबू नका, प्रत्येक नव्या ओळीवर येऊ द्या. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या शिफारशी साध्या आहेत: 12 ते 14 पॉइंटचा साधा, गोंडे-शेपट्या नसलेला टाइप, ओळींत दीडपट अंतर, मजकूर डावीकडून सरळ, तिरपी अक्षरं आणि अधोरेखनं नकोत, महत्त्वाचं ठळक करा.

लेखनिकाबद्दल एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ ठिकाणी सवलत म्हटली की लेखनिक, एवढंच डोक्यात येतं. पण दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कसब आहे. बोलताना विचार पुढे धावतो, लेखनिक मागे राहतो, त्याला 'फ्युमरेट' ऐकूनही लिहिता येत नाही, मग तिलाच स्पेलिंग सांगत बसावं लागतं. सराव न करता ऐन परीक्षेत लेखनिक घेतलेली मुलं गोंधळून जातात. तिला कॉम्प्युटरवर टाइप करायला आवडतं का, की स्वतःच्या हाताने जादा वेळात लिहायला, की लेखनिक हवा, हे तिला विचारा आणि त्या पद्धतीने किमान एखादा पूर्ण पेपर आधी सोडवून घ्या. अधिकृत सवलतीसाठी बहुधा मानसशास्त्रज्ञाचा तपासणी अहवाल लागतो, आणि शाळेतला जुना अहवाल काही ठिकाणी चालत नाही. पुन्हा तपासणी करायची तर त्यात वेळ जातो. म्हणून तिची तयारी झाली की अर्जाची मुदत आणि लागणारी कागदपत्रं तुम्ही स्वतः परीक्षा विभागात विचारून ठेवा. चौकशीला नाव लागत नाही.

आता वर्ग. परीक्षेपेक्षा इथे जास्त काही घडतं असं माझं मत आहे. ऐकणं, फळ्यावरचं वाचणं आणि वहीत उतरवणं हे तिन्ही एकाच वेळी करणं ही तिच्यासाठी सगळ्यात कठीण गोष्ट. लिहायला गेली की ऐकणं सुटतं. त्यामुळे स्लाइड किंवा टिपणं आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला पाठवा, सोबत त्या तासाला येणाऱ्या नव्या शब्दांची यादी. तासाला तो शब्द पहिल्यांदा आला की थांबा, फळ्यावर लिहा, त्याचे तुकडे पाडून दाखवा, मोठ्याने म्हणा, वर्गाकडून म्हणवून घ्या. ज्या शब्दाचा आवाज पक्का झालेला आहे तो पुस्तकात भेटला की कितीतरी लवकर ओळखू येतो. ध्वनिमुद्रण करायची परवानगी द्या. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला मात्र कोणालाच सांगू नका. ज्या मुलाला हे भय असतं, ते पूर्ण तासभर 'आता माझा नंबर लागेल का' एवढंच मोजत बसतं आणि शिकवलेलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तुम्ही जी पीडीएफ पाठवता ती एकदा उघडून बघा. एखादी ओळ बोटाने किंवा माउसने निवडता येते का? येत नसेल, तर ती फाइल म्हणजे पानांचे फोटो आहेत. फोनमधली किंवा कॉम्प्युटरमधली मजकूर वाचून दाखवणारी सोय तिथे मुकी होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढून स्कॅन केलेली, कडेची अक्षरं पुसट झालेली, तिरकी पानं कॉलेजाकॉलेजांत फिरत असतात. अशी पानं अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली की बहुतेक वेळा वाचता येण्याजोगी होतात. पाठ्यपुस्तकासाठी ग्रंथपालांना भेटा. 2013 सालचा मराकेश करार अंध व्यक्तींपुरता नाही. छापील मजकूर वाचण्यात अडथळा येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, म्हणजे डिस्लेक्सियासाठीसुद्धा. तो मान्य केलेल्या देशांत अधिकृत संस्थांना पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करून अशा वाचकांना देता येतात. अनेक ग्रंथपालांना याची कल्पना असते, पण कोणी विचारायलाच येत नाही.

अभ्यासाच्या बाबतीत तिच्याशी एकदा निवांत बसा. मी पाहिलेली अशी बहुतेक मुलं एकच गोष्ट करतात: तेच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतात. वाचन हीच त्यांची सर्वांत महागडी क्रिया, आणि सगळा वेळ तीच खाऊन टाकते. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होतं. तुमच्या विद्यार्थिनीसाठी ही फारच चांगली बातमी आहे, कारण आठवून बोलायला तर तिला उत्तम येतं. मजकूर कानाने ऐकत डोळ्याने पुढे सरकायचं, एक भाग झाला की थांबायचं, पुस्तक मिटायचं, फोनवर स्वतःच्या आवाजात तो भाग सांगायचा, मग रेकॉर्डिंग आणि पुस्तक ताडून बघायचं. नंतर त्याच बोललेल्यावरून टाइप करायचं. आताचे फोन बोललेलं लिहूनही देतात. पारिभाषिक शब्द त्यांना चुकतात, ते तिने आपल्या यादीवरून दुरुस्त करावेत. कोणता विषय कधी संपवायचा, जर्नल कधी द्यायचं, याचं वेळापत्रक तिच्यासोबत आखा. डिस्लेक्सियासोबत कामाचं नियोजन कोलमडणंही बऱ्याच जणांमध्ये दिसतं.

तिचं काम तपासताना लाल शाई आवरा. पहिला शेरा आशयावर, सविस्तर: "टप्पे बरोबर, पण एटीपी कुठे तयार होतो ते राहिलं." स्पेलिंगच्या चुका सगळ्या गोल करू नका. एका वेळी दोनच शब्द दाखवा, जे पुढच्या महिन्यात वारंवार लागणार आहेत. पान रक्ताळलेलं दिसलं की ती शेरा न वाचताच वही मिटणार, आणि तुमचा आशयावरचा शेराही वाया जाणार.

काही गोष्टी तिला कोणीतरी सुचवेलच, त्यांच्याबद्दल आधीच बोलते. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, यांच्यामागे पैसा आणि आशा घालवू देऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 सालच्या संयुक्त निवेदनात स्पष्ट म्हटलं आहे की अशा उपचारांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. 'डिस्लेक्सियासाठी खास' म्हणून मिळणाऱ्या फॉन्टचंही तसंच. मोकळं अंतर काहींना उपयोगी पडतं, पण ते कोणत्याही साध्या फॉन्टमध्ये मिळतं. तिला एखादा आवडला तर जरूर वापरावा, तो इलाज आहे असं मात्र मानू नये. आणि "ही तर देवाने दिलेली देणगी आहे" असंही तिला सांगू नका. रात्री दोनपर्यंत एका प्रकरणाशी झगडलेल्या मुलीला ते ऐकून एकटं वाटतं.

वर्गात ती एकटीच असेल, असंही धरून चालू नका. लोकसंख्येत डिस्लेक्सियाचं प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के मानलं जातं. त्याशिवाय कोणाचा हात लिहिताना साथ देत नाही, कोणाला आकडे आणि प्रमाणं हाताळताना गोंधळायला होतं, कोणाचं लक्ष टिकत नाही; आणि या अडचणी अनेकदा एकमेकींना धरून येतात. द्रावण तयार करताना दशांशचिन्ह चुकवणारा एखादा मुलगा तुमच्याही वर्गात असेल. निदान करणं तुमचं काम नाही, आणि कोणाला परस्पर "तुला अमुक आहे" असं म्हणूही नका. पण वर जे वर्गासाठी सांगितलं, ते सगळ्यांसाठीच केलंत तर ज्यांनी कधी तोंड उघडलेलं नाही त्यांनाही ते मिळतं. म्हणून तर मी ते एकीसाठी गुपचूप करायला सांगत नाही.

राहिला सरांचा नोकरीचा मुद्दा. त्यांना एवढंच विचारा की नोकरीत तीन तास, हाताने, पुस्तक न उघडता, स्पेलिंग तपासायची सोय नसताना लिहायची वेळ त्यांच्यावर शेवटची कधी आली. कामाच्या ठिकाणी शोधनिबंध महिनोन् महिने लिहिला जातो, सहकारी तो वाचतात, कॉम्प्युटर चुका दाखवतो. घड्याळ लावून लिहायची सक्ती परीक्षेतच जास्त असते, आणि दुर्दैवाने पुढचं दार तिच्यातूनच उघडतं. कॅरल ग्रायडर यांचं उदाहरण तुमच्या विषयातलंच आहे. त्यांना डिस्लेक्सिया आहे. पदवीचे गुण चांगले, प्रयोगशाळेतला अनुभव पक्का, पण प्रवेशपरीक्षेचे गुण कमी; त्यामुळे पीएचडीसाठी बहुतेक विद्यापीठांनी त्यांना नाकारलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राने घेतलं. तिथे विद्यार्थिनी असतानाच, 1984 साली, त्यांना गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टेलोमरेज या विकराचा (एन्झाइमचा) माग लागला, आणि 2009 साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. हे नाव तुमच्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर ओझं म्हणून ठेवू नका, तिने नोबेल मिळवावं अशी कोणाची अपेक्षा नाही. ही गोष्ट सरांसाठी आहे: परीक्षेने चुकीची गोष्ट मोजली की काय हातचं जाऊ शकतं, ते त्यांना कळावं म्हणून.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न: तिला प्राध्यापक होण्यापासून परावृत्त करावं का? नाही. ज्या मुलीचं बोलणं परीक्षक लक्ष देऊन ऐकतात, तिला शिकवू नको असं कोणत्या आधारावर सांगणार? फळ्यावर स्पेलिंग अडेल ही भीती तिला असेलच, त्यावर मार्ग आहेत. तासाचे शब्द कार्डावर लिहून हातात ठेवायचे, किंवा स्लाइडवर आधीच टाइप करून आणायचे. पेपर तपासण्याचं काम येईल तेव्हा तिला वेळ जास्त लागेल, हे आत्ताच माहीत असलेलं बरं; त्या हिशेबाने ती कामं वाटून घेईल. या सत्रात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलला मदत करायचं काम तिला देऊन बघा, मायक्रोस्कोपवर स्लाइड लावून दाखवणं, पेशीविभाजनाचे टप्पे ओळखायला शिकवणं, असं काही. आधी तिला विचारा. हो म्हणाली तर पहिल्या दिवशी तुम्ही खोलीत थांबा, दुसऱ्या दिवसापासून थांबायची गरज आहे का ते तीच सांगेल.

तुमची,
ताई